खंडेनवमीच्या दुपारचा बार

ते प्रकरण मागे पडलं, असं मला आजही म्हणवत नाही. नोकरीत पुढे खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माणूस स्वतःच्या घरात, भर दुपारी किती घाबरू शकतो, हे मला एका छर्र्याच्या बंदुकीनं दाखवलं. नावं सांगणार नाही. ज्यांनी विश्वासानं सांगितलं, त्यांना उघड्यावर आणणं बरं नव्हे.

संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं होतं. पोलिसात बायका अगदीच थोड्या. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून देवासच्या कोतवालीत माझ्याकडे दोन कामं होती: इंग्रजी टपाल आणि बायकांचे जबाब. बोलायला मी आधीपासूनच कमी. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून येणाऱ्याचे हात बघायची सवय मला तिथं लागली. तोंडाला माणूस आवर घालतो, हातांना घालायचं विसरतो.

मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या, तेव्हा त्यांचे हात पदरात घट्ट गुंडाळलेले होते. तरुण विधवा. एका गल्लीत माडीवरची खोली भाड्यानं घेऊन एकट्याच राहत. त्यांनी सांगितलं, आधी खिडकीतला माठ फुटला. उन्हानं तडकला असेल, असं त्यांना वाटलं. मग एका दुपारी वेणी घालताना समोरचा आरसा फुटला.

"आवाज?" ठाणेदारांनी विचारलं.

"आरसा फुटल्याचा. दुसरा कसलाच नाही."

"कोणी दिसलं?"

"नाही. शेजारी म्हणतात, करणी आहे. मला शाळेत जाताना लोक आता वाट सोडतात."

पदरातून हात निघाला आणि टेबलावर शिशाचा एक दाणा पडला. एक टोक चेपलेलं, तरी आकार ओळखू येत होता: कमरेत आवळलेला, डमरूसारखा.

"अरे भिया, ये तो छोरा होन को खेल हे!" आमचे हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, हसले. "हवा की बंदूक! चिडिया मारने की."

पोरांचा खेळ म्हणून ठाणेदारही हसले. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "चिमणी खिडकीत बसलेली नव्हती," त्या म्हणाल्या. "मी बसले होते."

रोजनाम्यात नोंद झाली आणि चौकशी माझ्याकडे आली.

हवेच्या बंदुकीला तेव्हा आमच्याकडे परवाना कोणी विचारत नसे. गावात अशा बंदुका कोणाकडे, असं विचारलं की प्रत्येक जण एकाच घराकडे बोट दाखवी. मास्तरीणबाईंच्या समोर, चार घरं सोडून. दरबारात मोठ्या हुद्द्यावर असलेलं मराठा घराणं. घरातले कर्ते पुरुष, त्यांना आपण आबासाहेब म्हणू, आमच्या ठाणेदारांच्या चांगल्या ओळखीचे. खऱ्या बंदुका त्यांनी विलीनीकरणानंतर नव्या परवान्यांची वाट पाहत कोतवालीच्या मालखान्यात जमा केल्या होत्या. घरात राहिल्या होत्या त्या हवेच्या, आणि त्यांचाच त्यांना खरा नाद होता.

हेडसाहेब आणि मी गेलो तर त्यांनी मोठ्या हौसेनं सगळ्या काढून दाखवल्या. एक जर्मन, अष्टकोनी नळीची. एक इंग्लिश, नळीखालचा दांडा ओढून भरायची. दोन पिस्तुलंही होती. जर्मन बंदूक भरताना नळी बिजागरीवर वाकवून खाली आणली की आतली स्प्रिंग मागे सरके आणि खट्‌कन अडके. नेम धरून त्यांनी अंगणातल्या भिंतीवरची पेटलेली मेणबत्ती विझवली. आवाज फक्त ठप्प, पुस्तक मिटावं तसा.

"आतल्या दट्ट्याला चामड्याची चकती असते," ते सांगत होते. "तिला चरबी चोळायची. पण नळीमागच्या या भोकात तेल नाही जाऊ द्यायचं. गेलं की आतल्या आत पेट घेतं. खऱ्या बंदुकीसारखा बार होतो, धूर निघतो, आणि वस्तूची वाट लागते."

मी छर्रा दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवला. "आमच्याकडचा नाही. देवीच्या टेकडीवर जत्रेला येणाऱ्या पोरांकडे असतात असले. पण बाई एकट्या राहतात ना? मी तर म्हणतो, त्यांनी शाळेजवळ खोली बघावी. त्यांच्याच भल्यासाठी."

चहा त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. वहिनीसाहेब दारातच थांबल्या, ट्रे मी पुढे होऊन घेतला. उठताना मी त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्यांनी नजर आबासाहेबांकडे टाकली, मग मला नमस्कार केला.

त्यानंतर काही दुपारी मी साध्या लुगड्यात मास्तरीणबाईंच्या खोलीत बसून काढल्या. खिडकीची एक झडप बंद, दुसरी अर्धी उघडी. काहीच घडत नसे, आणि तेच सोसवत नसे. बार होणार असेल तर माणूस कान देऊन बसतो. इथं कान देऊन उपयोग नव्हता. मास्तरीणबाई खोलीत भिंतीला धरून चालत. स्वयंपाकाला खाली बसत, ते पाठ कोपऱ्याला लावून. मीही तशीच चालू लागले आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला लाज वाटली नाही, भीतीच वाटली.

"तुमच्याकडे कोण येतं?" मी एकदा विचारलं.

"समोरच्या वहिनी यायच्या. दुपारी, वाचायला शिकायला. आबासाहेब तोंडावर म्हणाले, शिकू दे की. माठ फुटला तेव्हा त्या इथंच होत्या. मग आल्या नाहीत."

मी हे ठाणेदारांना सांगितलं. ते म्हणाले, "घरंदाज माणूस आहे. उगाच शंका घेऊ नका. पुरावा आणा."

नवरात्रात सगळं ठाणं टेकडीच्या बंदोबस्तात असे. खंडेनवमीला दुपारी मी मास्तरीणबाईंकडे निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी आले आणि बार झाला. असा, की छपरांवरचे पारवे एकदम उडाले.

मी जिना चढले. मास्तरीणबाई भुईवर होत्या. छर्रा बंद झडपेची फळी फोडून आत आला होता, त्यांच्या कानशिलाला चाटून कपाटाच्या दारात रुतला होता. रक्त मानेवरून चोळीत उतरत होतं. त्या शुद्धीवर होत्या. "या वेळी आवाज झाला," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी मेले नाही ना?"

खाली गल्ली गोळा झाली होती. पहिल्यांदा सगळ्यांनी काहीतरी ऐकलं होतं. समोरची म्हातारी हात वर करून ओरडत होती, "ऊ देखो! आबासाब का माळा से धुआं निकळ्यो!"

शेजारणींबरोबर मास्तरीणबाईंना दवाखान्यात पाठवून, टेकडीवर निरोप धाडून मी आबासाहेबांच्या दारात उभी राहिले. ठाणेदार टेकडीवरून येईपर्यंत आत जायचं धाडस मला झालं नाही. घरात बंदूक होती, ती चालवणारा होता, आणि माझ्याकडे एक वेताची छडी.

ठाणेदार आले, पंच बोलावले. आत देवघरापुढे पाटावर शस्त्रपूजा मांडलेली. खऱ्या बंदुका मालखान्यात, म्हणून या वर्षी तलवार, कट्यार, आणि शेजारी हवेच्या बंदुका. प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"उद्या उत्तरपूजा होईपर्यंत शस्त्राला हात लावायचा नसतो," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही घरी हेच."

ठाणेदारांच्या घरी खरंच हेच होतं. ते पाटापुढे येऊन थांबले. पंच एकमेकांकडे बघू लागले. खोलीत उदबत्तीच्या वासाखाली जळक्या तेलाचा वास होता. तो मला येत होता, त्यांनाही येत असणार. पण पूजेत हात घालायला कोणी पुढे होईना.

मी स्वयंपाकघराकडे गेले. वहिनीसाहेब चुलीपाशी उभ्या होत्या, चूल विझलेली. मी दार लोटलं.

"जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. कानापाशी लागलंय."

त्या भिंतीला टेकल्या. "इतकं जोरात जाईल हे मला ठाऊक नव्हतं हो. आवाज होतो, धूर होतो, एवढंच ऐकलं होतं. दर पाहुण्याला तेच सांगतात, मी चहा घेऊन उभी असते. पूजा मी मांडली. माडीवर चढताना ते कुठली उचलतात ते मला माहीत होतं. तिच्या भोकात माझ्या शिवणाच्या मशिनचं तेल सोडलं. म्हटलं, मी बोलले तर मला मारतील. तीच बोलली तर?"

"बाहेर हे सांगाल?" मी विचारलं.

त्या बाहेर गेल्या. सगळ्यांसमोर पाटाशी वाकून त्यांनी अष्टकोनी नळीची बंदूक उचलली आणि माझ्या हातात दिली.

"पूजेतलं शस्त्र उचलतेस?" आबासाहेब ओरडले.

"तुम्ही दुपारी उचललंतच की," त्या म्हणाल्या.

नळीचं तोंड काजळलेलं होतं. आवारात पंचांसमोर ती भरून उडवली, तर आतली चकती जळून गेल्यामुळे छर्रा नळीतून जेमतेम बाहेर पडला. कपाटातल्या छर्र्यावर नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे वळ होते. अंगणातल्या भिंतीतून काढलेल्या छर्र्यांवरही तेच.

चौकशीत आबासाहेबांनी फार वेळ घेतला नाही. मारायचं नव्हतं, फक्त घाबरवून घालवायचं होतं, असं ते म्हणाले. का, तर म्हणाले, "शिकून काय करणार होती ती? माहेरी पत्रं लिहिणार होती. घरातलं बाहेर नेणार होती." मग त्यांनी एकच विचारलं, "तेल कोणी घातलं?"

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली कागदाकडे पाहिलं. पण आबासाहेबांच्या डोळ्यांवरून कळलं, की घरी गेल्यावर ते शोधणार आहेत.

जामीन होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीसाहेबांचे भाऊ धारला असत. ते न्यायला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई इथं राहिल्या तर मीही इथंच." शेवटी मास्तरीणबाईंनी धारच्या मुलींच्या शाळेत बदली मागितली आणि दोघी एकाच प्रवासी मोटारीनं निघाल्या. मी गणवेशात मोटार-अड्ड्यावर उभी राहिले. सोडायला म्हणून नव्हे, कोणी येऊ नये म्हणून.

"तेलाचं सांगितलंत मास्तरीणबाईंना?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाल्या, पुढच्या वेळी बंदुकीला कशाला, मलाच सांगा." वहिनीसाहेबांना हसू आलं, आणि लगेच त्यांनी मागे वळून पाहिलं.

आबासाहेबांना पुढे शिक्षा झाली, फार मोठी नाही. आमच्या लेखी प्रकरण संपलं. त्यानंतर मी जिथं जिथं काम केलं, तिथं घरातली चौकशी बैठकीच्या खोलीत कधी सुरू केली नाही. चहा आणणाऱ्या माणसाशी आधी बोलले, दार लोटून, एकटीनं. कित्येकदा हाती काही लागलं नाही. पण त्या घरात आम्ही ज्यांच्या हातचा चहा प्यायलो, त्यांनाच सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना मदतीला आमच्यापेक्षा मशिनच्या तेलाची कुपी जवळची वाटली. हे मी विसरू शकत नाही.

मोटार सुटायच्या आधी मी आत डोकावले. मास्तरीणबाई कानाला पट्टी बांधून मधल्या वाटेकडे सरकून बसल्या होत्या. भर सकाळी, एवढ्या माणसांत, काचेशी बसायचं त्यांना जमत नव्हतं. वहिनीसाहेबांनी पदर डोक्यावर घेतला, त्यांना ओलांडून आत गेल्या, आणि खिडकीकडे पाठ करून तिथं बसल्या.