साहेबांचा तीळ

छपाईच्या शाईचा तो रॉकेलसारखा वास आज नाकात शिरला आणि उमरीच्या शाळेतलं प्रदर्शन आठवलं. मी तिथं चित्रकलेचा मास्तर होतो. लाकडी ठसा कोरून मी तालुक्याच्या साहेबांनाच छापलं होतं. साहेब खुर्चीत बसलेले, आणि खुर्चीचे पाय म्हणजे अर्ज धरून वाकलेली माणसं.

नेमके साहेबच चित्रासमोर थबकले. "कोण हाय हा?"

मला शाई देणारे छापखान्याचे रफिकभाई पुढं झाले. "तुम्ही न्हाई, साहेब. तुमचा तीळ डाव्या गालावर हाय, ह्याचा उजव्या."

ठसा कागदावर उलटा उमटतो, हे मी कोरताना विसरलो होतो. सगळे सुटल्यासारखे हसले. साहेब मात्र गालावरून बोट फिरवत निघून गेले. महिन्याभरात माझी बदली इस्लापूरला झाली.

चित्रातले ते साहेबच, ही चुगली कुणी केली? मी सगळ्यांवर संशय घेतला, रफिकभाईंवर तर वर्षानुवर्षं.

आज डाव्या गालाला शाई लागली म्हणून आरशात पाहिलं. डाग नेमका चित्रातल्या तिळाच्या जागी दिसत होता.

साहेबांना कुणी सांगायची गरजच नव्हती. रोज दाढी करताना ते आरशात चित्रातलंच तोंड बघत असणार.