फुंकर

आईच्या ऑपरेशनमुळे आठवडाभर मी वॉर्डात बसून आहे. इथल्या सिस्टरांच्या टेबलावरचा चहा रोज तसाच राहतो. सगळा वॉर्ड त्यांच्या एकटीवर. चहावर साय धरते आणि त्यांच्या आवाजाला धार येते. परवा तर औषधांच्या कपाटाआड डोळे पुसताना दिसल्या.

आज जोडीला नवीन सिस्टर रुजू झाल्या आणि आमच्या सिस्टर चक्क खुर्चीत बसल्या. चहा बशीत ओतून त्यांनी हळूच फुंकर घातली. मला राहवेना. झोपलेल्या आईला हलवून मी म्हटलं, “आई, बघ, सिस्टर बसल्या!”

त्या हसल्या. “अहो, चहा गरम असतो हेच विसरले होते मी.”

दिवसभर आमच्या दुखण्यावर फुंकर घालणाऱ्या बाईंकडे आज स्वतःसाठीही एक उरली होती.