मोहितेकाका आणि सिनेमातले दारुडे

पडद्यावर दारुडा आला की मोहितेकाका मोठ्यानं म्हणत, “लाल चिठ्ठी!”

वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी, चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये सिनेमा दाखवतात. मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. म्हणजे आपल्याला प्रोजेक्टर चालू करता येत नाही हे दर महिन्याला सर्वांसमक्ष सिद्ध करणारा माणूस. त्या रविवारी प्रेमभंग झालेला नायक झोकांड्या खात विजेच्या खांबाला मिठी मारत होता. पहिल्या रांगेतल्या बायकांचे रुमाल बाहेर आले होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ही आरोळी आली. मी पदाला शोभेल असा चेहरा करून वाकत वाकत तिथे गेलो. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरे केस नीट बसवलेले, सत्तरीचे गृहस्थ.

“काका, जरा हळू. लोकांचा रसभंग होतो.”

“त्यानं अर्धा ग्लास टेबलावर तसाच टाकला आणि उठून गेला. पाहिलंत ना?”

“रागाच्या भरात गेला हो तो.”

“राग कितीही येऊ दे. ग्लास संपवूनच उठेल. लाल चिठ्ठी.”

ही आमची पहिली भेट. पुढे कळलं की काकांनी तीस वर्षं ब्रिस्टलच्या एका कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासले होते. सदोष भागाला लाल चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. “चिठ्ठी लागली की भाग कितीही चकाकू दे, विमानात जात नाही,” असं ते सांगत. निवृत्तीनंतर ते वॉटफर्डला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, एकटेच.

हळूहळू लोक सिनेमापेक्षा काकांसाठीच येऊ लागले. नायकाची बाटली उघडली की माना तिसऱ्या रांगेकडे वळत. काका निराश करत नसत. “सिनेमातल्या दारुड्याला गाणं म्हणायला वेळ असतो. खऱ्याला कुठला? त्याला बडीशेप खायची असते, पावती फाडायची असते, शेजारणीला गुड मॉर्निंग म्हणायचं असतं. फार बिझी माणूस असतो तो.” किंवा, “बायको रडली आणि हा सुटला! रडण्यानं सुटत असती तर या देशातले पब केव्हाच बंद पडले असते.” आम्ही हसायचो. मी तर सर्वांत मोठ्यानं. माणूस एवढं बारीक कसं काय जाणतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आला असेल तर मी त्याला बसायला खुर्ची दिली नाही.

काका नाताळचा रम घातलेला केक घेत नसत. पार्टीत ग्लास पुढे आला की “नको” एवढंच म्हणत. त्यावरून कुणीतरी ठरवलं की त्यांना डायबिटीस आहे. झालं. माझी बायको अश्विनी जवळजवळ दोन वर्षं त्यांच्यासाठी वेगळा बिनसाखरेचा शिरा करत होती. आणि ते तो शेवटच्या चमच्यापर्यंत खाऊन “छान झालाय हं, अश्विनी” म्हणत होते. आमच्या मंडळात तुमचं घर किती बेडरूमचं हे पहिल्या भेटीत विचारतात. माणूस एकटा का, हे दहा वर्षांत विचारत नाहीत. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो.

मग मला फिल्म बनवायची हुक्की आली. गणपतीत दाखवायला, वीस मिनिटांची, विषय व्यसन. लेखक मी, दिग्दर्शक मी, दारुडाही मीच. “तू?” अश्विनी म्हणाली, “तुला लेमोनेड मिसळलेल्या एका शँडीत झोप येते.” तरी मी काकांना सल्लागार म्हणून घरी बोलावलं आणि दारातून आत येण्याचा प्रवेश करून दाखवला. झोकांड्या खाल्ल्या, चपलांच्या रॅकवर आदळलो, अभिनयाच्या ओघात अश्विनीची कुंडी फोडली.

काकांनी कुंडीचे तुकडे पायानं बाजूला सारले. मग म्हणाले, “संदीप, सरळ चाल. प्यायलेला माणूस सरळ चालतो. जरा जास्तच सरळ. कोट नीट घडी घालून ठेव. किल्ली कुलपात घालताना उजवं मनगट डाव्या हातानं धर. आणि बायकोशी बोलताना वाक्य आधी मनात म्हणून घे.”

मी तसं केलं. अश्विनी कुंडीची माती भरत होती, ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. नंतर म्हणाली, “मला भीती वाटली रे तुझी.”

पुढचा प्रसंग मुलीच्या वाढदिवसाचा होता. मी लिहिलं होतं की बाप उशिरा येतो, पाहुण्यांसमोर केक पाडतो. काकांनी कागद बाजूला ठेवला. “तो हॉलवर वेळेवर येतो. केक त्यानंच आणलेला असतो. सगळ्यांचे फोटो काढतो. सगळे म्हणतात, किती हौशी बाप. मग मुलीला गाडीत मागे बसवून घरी निघतो.” इथे ते थांबले. “ती सात वर्षांची होती. डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत तिची.”

स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचा आवाज आला. अश्विनीनं ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं काकांना पहिल्यांदा साखर घातलेला चहा दिला.

मुलीचं नाव मृणाल. अपघातानंतर आई तिला घेऊन निघून गेली. पुढे काका पीत राहिले, सोडत राहिले, पुन्हा पीत राहिले. वॉटफर्डला आल्यापासून मात्र थेंब नाही. दर गुरुवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत त्यांच्यासारख्यांची बैठक भरे, तिथे ते जात. ब्रिस्टलहून मृणाल आता दोन-तीन महिन्यांनी भेटायची, घरी नाही, मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे पेट्रोल-कॉफीच्या थांब्यावर. ती निम्म्या वाटेवर येणार, हे निम्म्या वाटेवर जाणार, एक कॉफी, पाऊण तास. तिचा चार वर्षांचा मुलगा काकांनी फक्त फोनवर पाहिला होता. “घाई नाही,” काका म्हणायचे, “तिला माझी तपासणी करू दे. नीट करू दे.”

फिल्मचा शेवट काकांनी सांगितला तो असा: बाप दारू सोडतो. मुलीला पत्र लिहितो. खुर्चीत वाट बघत बसतो. मुलगी येत नाही. तो पीत नाही. “बस, एवढंच,” ते म्हणाले. आणि मग, जरा लाजून, “मृणाल येते म्हणालीय बघायला. छोट्यालाही आणीन म्हणालीय कदाचित. संदीप, शेवट मात्र असाच ठेव.”

मी ठेवला. तसं चित्रीकरण केलं. मग ती फिल्म मंडळाच्या कमिटीला दाखवली. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून पुसला. “सुंदर आहे हो. पण गणपतीत? लोक मोदक खाऊन बसलेले असतात. सणासुदीला एवढं रडकं बरं नाही. मुलगी येऊ दे की! काय बिघडलं?” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आमच्याकडे नाटक असो, भांडण असो, आजारपण असो, शेवटी गोड जेवण लागतं. मी विरोध केला असं सांगायला मला आवडलं असतं. मी अर्ध्या तासात नवा शेवट घेतला. मुलगी धावत येते, बाप सिंकमध्ये बाटली ओततो, मिठी, बासरी. काकांना आधी सांगायचं रोज ठरवलं आणि रोज राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. मी भित्रा आहे.

मृणाल आली. मुलाला आणलं नव्हतं. पहिल्यांदा एकटी येऊन बघते म्हणाली. मागच्या ओळीत कोट न काढता काकांशेजारी बसली. पडद्यावर मी मनगट धरून किल्ली कुलपात घातली तेव्हा तिनं काकांकडे पाहिलं. वाढदिवसाच्या प्रसंगाला तिनं डावा हात खिशात घातला. मग बासरी वाजली. हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज आले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘मार्गदर्शन: श्री. मोहिते’.

मी मोदकांची ताटली घेऊन त्यांच्याकडे पोचलो तेव्हा ती उभी होती.

“ती मुलगी मी आहे ना, बाबा? ती इतकी क्विकली फर्गिव्ह कशी करते? मला कुणी विचारलं?”

“अगं मृणाल, ते खरं म्हणजे—” मी सुरुवात केली. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

“सावकाश जा,” ते तिला म्हणाले. “मोटरवेवर पाऊस आहे.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मी तिला आत्ता फोन करतो, चूक माझी आहे हे सांगतो, असं म्हणत माफी मागत राहिलो. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, “नको करू. तिच्या लहानपणी दर वेळी कुणीतरी असा फोन करायचा. कधी माझा मित्र, कधी फॅक्टरीतला साहेब. ‘त्याचा दोष नाही, गैरसमज झालाय.’ तोच फोन आणखी एकदा येईल, एवढंच. आवाज तेवढा तुझा असेल.”

“मग काय करायचं, काका?”

“काही करायचं नसतं. मला हे शिकायला चाळीस वर्षं लागली. तू चहा घे.”

त्यांनी तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. सर्व्हिसेसमधली कॉफी थांबली. गुरुवारी सकाळी मीच त्यांना लायब्ररीपर्यंत सोडू लागलो. माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते गाडीत रेडिओवरच्या बातम्यांना नावं ठेवत बसायचे, मला बरं वाटावं म्हणून. सिनेमाला ते येत राहिले. दारुडा आला तरी आता गप्प असत. लोक वळून बघायचे, थोडं थांबायचे आणि पुन्हा पडद्याकडे तोंड करायचे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्यांनी दार उघडलं नाही. किल्ली मागवून आत गेलो तर खुर्चीत बसलेले होते, बूट घालून, कोट मांडीवर घडी करून. डॉक्टर म्हणाले, हृदय.

फ्लॅट आवरायला मीच गेलो. आणि आता सांगून टाकतो: मी कपाटं उघडून पाहिली. बुटांच्या खोक्यांत पाहिलं. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून, पाणी सोडून पाहिलं. बाटली लपवायची ती जागा फिल्मसाठी त्यांनीच मला सांगितली होती. काही नव्हतं. पाणी भरण्याचा आवाज थांबेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, आणि मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती.

अंत्यविधीला मृणाल आली. आम्ही मंडळाचे आठ-दहा जण होतो. सगळं आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. हातमोजे काढलेले होते, आणि डाव्या हाताची ती दोन बोटं थंडीनं लाल झाली होती.

“काका, एक विचारू? ऑनेस्टली सांगा. बाबा परत प्यायला लागला होता?”

“नाही,” मी म्हणालो. “एक थेंबही नाही. शेवटपर्यंत नाही, मृणाल. आणि तो फिल्मचा शेवट माझा होता, त्यांचा नव्हता. त्यांना वेगळा हवा होता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा आवाज मलाच कसातरी ऐकू येत होता, समजूत घालणाऱ्या माणसाचा. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हसली. लहानपणापासून सवय असल्यासारखी, फार मायेनं.

“तुम्ही सगळे बाबाला किती सांभाळून घ्यायचे,” ती म्हणाली. “थँक यू, काका.”

आणि ती गाडीकडे चालू लागली.