पायांकडे बघणारे आप्पा

बेळगावात आप्पांचं पुस्तकांचं दुकान होतं आणि आप्पा पुस्तकांकडे पाठ करून बसत. खुर्ची दारापुढे पायरीखाली, तोंड रस्त्याकडे, नजर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांवर. निपाणीच्या तंबाखूवाल्या जैन घरातला हा माणूस वखारी भावांवर सोपवून पुस्तकं विकायला आला होता. घरी कानडी, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

लांबलांबचे लेखक या दुकानात हौसेनं येत आणि आल्यावर धास्तावत. कारण आप्पा लेखकालाच पायरीवर उभं करून नव्या पुस्तकातलं पानभर मोठ्यानं वाचायला लावत, तेही शनिवारी, भर बाजारात. लोक थांबले तर पुस्तक दर्शनी फळीवर, नाहीतर माळ्यावर. "आत बसून वा वा करणारे लई हाईत. चालता पाय थांबला पायजे," ते म्हणत. एका नामवंत कादंबरीकारासाठी फक्त एक बैल थांबला होता. आप्पांनी तो हिशेबात धरला नाही.

मी माझं पहिलं कथांचं पुस्तक घेऊन गेले, तेव्हा दुकानातल्या बाकावर बसलेले एक लेखक म्हणाले, "बाईमाणसानं रस्त्यात काय वाचायचं? ठेवा की तसंच कोपऱ्यात." पुस्तक माळ्यावर गेलं तर पुन्हा लिहिणार नाही, असं मी घरी कबूल करून आले होते.

आप्पा मान न वळवता म्हणाले, "रस्ता काय तुमच्या आज्यानं बांधलाय? आक्का, पायरीवर या. नियम म्हंजे नियम."

पहिल्या ओळी मी पुटपुटल्यासारख्या वाचल्या. वडगावचे दोन विणकर लुगड्यांचे गठ्ठे घेऊन सरळ पुढे गेले. बाकावर कुणीतरी मुद्दाम खोकलं. मला असा राग आला की आवाज मोकळाच झाला. उचगावची एक भाजीवाली डोक्यावरच्या पाटीसकट थबकली. तिच्यामागे दुसरी. विणकर परत आले. पान संपलं म्हणून मी थांबले, तर ती भाजीवाली खेकसली, "थांबलीस का गं? त्या पोरीचं पुढं काय झालं?"

मी अख्खी कथा वाचली. गल्ली अडली. एक टांगेवाला शिव्या देत आला आणि ऐकत उभा राहिला. शेवटी मान वर करून पाहते तो समोर आप्पांचा चेहरा! रस्त्याकडे पाठ करून, खुर्ची माझ्याकडे फिरवून ते ऐकत होते.

"आप्पा, पाय बघितले का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊनच गेलं बघा," ते म्हणाले, आणि पुस्तक स्वतःच्या हातानं दर्शनी फळीवर लावलं. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, मिरवत गेले.

आप्पा गेले, तेव्हा त्यांच्या मुलांकडून मी ती खुर्ची मागून आणली. आजही काही नवं लिहून झालं की मी ती खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवते, शेजारी उभी राहते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचते.