दुसरा आणि चौथा रविवार

आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगे घासून फ्रेममध्ये बसवणारी एक मुलगी आहे. वय अठ्ठावीस. कॉलेजात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आता आठ-आठ तास एकाच स्टुलावर बसते, पण नाव राहिले.

कॉलेजपासूनचा तिचा पाच जणांचा कंपू. त्यातल्याच एकाशी तिचे सहा वर्षे जमले होते. गेल्या वर्षी मोडले. का, ते मी विचारले नाही. कंपू दर रविवारी सकाळी समोरच्या कॅफेत भेटत असे. दोघे समोरासमोर येऊ नयेत म्हणून उरलेल्या तिघांनी वेळापत्रक केले: पहिला, तिसरा रविवार त्याचा, दुसरा, चौथा हिचा. आखणी कंपूतल्या वकीलबाईची. कोर्टात तिला अजून कोणी ओळखत नाही, पण कंपूत तिचा शब्द अखेरचा.

"तुला चालतं हे?" मी एकदा विचारले होते.

"काका, त्यालाच मी समोर नको आहे म्हणे. मग काय करणार? निदान महिन्यातून दोनदा तरी भेटतात."

हळूहळू हिच्या रविवारी कुणाला सर्दी होऊ लागली, कुणाकडे पाहुणे येऊ लागले. एका चौथ्या रविवारी ती एकटीच दोन कॉफ्या पिऊन परत आली.

पुढच्याच रविवारी, म्हणजे त्याच्या वाट्याच्या, ती तयार चष्मा द्यायला काउंटरवर आली आणि काचेतून समोर पाहत राहिली. कॅफेत चौघे बसले होते. मध्ये केक. कंपूतल्या लंबूचा वाढदिवस होता. नऊ वर्षे त्याचा केक हीच आणत होती.

तिने एप्रन काढला. "आलेच."

"अगं, आज तुझा रविवार नाही," मी बोलून गेलो, आणि माझे मलाच ऐकवेना.

"रविवार काय कुणाच्या बापाचा आहे?"

पर्स इथेच राहिली. ती द्यायचे निमित्त करून मी मागोमाग गेलो.

वकीलबाई उठून उभी राहिली होती. "आपलं ठरलंय ना? उगाच याला त्रास."

"मला?" त्याने कप खाली ठेवला. "मी असलो तर येणार नाही, असं हिनेच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"मी? कधी?" भिंगरी म्हणाली.

 कंपूतलीच तिची हॉस्टेलमधली जोडीदारीण केककडे पाहत पुटपुटली, "तुम्ही दोघं एकत्र असलात की आम्हाला अवघडायचं गं. हसावं की नाही तेही कळायचं नाही."

"वा! अवघडणार तुम्ही आणि घरी बसायचं आम्ही!"

त्याने हसून शेजारची खुर्ची ओढली. "बस."

"तुझ्या शेजारी नाही. आपलं मोडलं ते मोडलं, बरंच झालं. पण ही माणसं मला तू दिली नव्हतीस, तुला परत करायला." मग ती वकीलबाईकडे वळली. "तुझं वेळापत्रक आजपासून बंद. मी दर रविवारी येणार. ज्याला अवघडेल त्याने खुशाल घरी बसावं."

"भल्यासाठी केलं, तर हे ऐकायचं!" वकीलबाई तरातरा निघून गेली. जोडीदारीण क्षणभर घुटमळली आणि तिच्यामागे गेली.

भिंगरी दाराकडे पाहत राहिली, पण तिने हाक मारली नाही. लंबूने आपली खुर्ची सरकवून शेजारी जागा केली. "ये. पण केक संपत आलाय."

"तुझ्या बशीतला दे. नऊ वर्षं माझ्या जिवावर खाल्लास."

मी पर्स पुढे केली. "काका, आज अर्ध्या दिवसाची रजा लिहा."

"रविवारी दुकान असतंच अर्धा दिवस."

"मग पूर्ण लिहा," ती म्हणाली, आणि बसली.

त्या दोघी अजून आलेल्या नाहीत. ती मात्र एकही रविवार चुकवत नाही.