बुटांसकट

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "प्रार्थनेला आधाराशिवाय उभी राहत असेल तर घेऊ. नाही तर धरायला आमच्याकडे कोण आहे?" म्हणून तिचा तोल तपासून घ्यायला आम्ही नानाखेड्याहून टेम्पोने देवास गेटजवळच्या केंद्रात गेलो.

मी सातवीत शाळा सोडलेली. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागे साताऱ्याकडून इथे आले. या परक्या, हिंदी बोलणाऱ्या गावात त्या केंद्राने माझ्या पोरीचे व्यायाम फुकट करून घेतले, मला बसवून चहा पाजला. तिथे मी कधी ब्र काढला नव्हता.

दारातच आया ओरडली, "ओ भाभी, जूते-चप्पल बाहर! सबके!" आत गादी अंथरलेली. मी मुकाट्याने पोरीचेही बूट काढले, पाय सरळ धरणाऱ्या पट्ट्यांसकट. देवळाबाहेर काढतो तसेच.

तपासणाऱ्या ताई इथल्याच मराठी, पण पोरीला पहिल्यांदाच बघत होत्या. "चल बेटा, हात सोडून उभी रहा." पोरीच्या टाचा वर गेल्या, ती चवड्यांवर झुलली आणि खाली बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा तेच.

"अजून टाइम लागेल हिला," ताई मायेनेच म्हणाल्या. "शाळेला तसं सांगून देते."

एवढे उपकार असलेल्या माणसांना उलट कसं बोलायचं? पण तोंडातून निघालंच. "नका सांगू. बूट घालून बघा."

"ही तपासणी अनवाणीच करतात."

"शाळेत ती अनवाणी जाणार नाही."

आया मध्ये पडली, "गद्दा गंदा हो जाएगा, भाभी!"

"मी धुऊन देते तुमचा गद्दा. शिप्रा नदीवर नेऊन धुते!"

ताईंना हसू आलं. "बरं, दोन्ही बघू आणि दोन्ही सांगू. पण पडली तर तेही सांगेन."

"सांगा की."

मी पदराने बुटांचे तळ पुसले, ते पोरीला घातले, पट्ट्या आवळल्या. पोर उभी राहिली. डोळे मिटूनही राहिली. गोल फिरली. खालचा चेंडू उचलताना मात्र धपकन बसली. मी धावणार, तोच ताईंनी हाताने अडवलं. पोर दोन्ही हात टेकून आपली आपण उठली.

शाळेत मोठ्या बाईंनी ताईंचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. "आणि पडली तर?"

"पडेल. उठेल. तुमची बाकीची पोरं पडत नाहीत?"

"मग रांगेच्या शेवटी, भिंतीपाशी उभी करू."

"भिंतीपाशी नको. तिच्या उंचीची पोरं जिथे, तिथे."

आता ती तिसऱ्या रांगेत असते. मी फाटकाबाहेर जीव मुठीत धरून उभी. परवा ती पडलीच. शेजारची मुलगी हात द्यायला वाकली, तर ही खालूनच तिच्यावर डाफरली, "प्रार्थना चल रही है ना? सीधी खड़ी रह!"