देवमाशाला हळद

दुर्गे गुरुजी कोणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी त्या घरातली एक चूक शोधून काढत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा गेटची कडी उलटी बसवली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. "हे असं नसते, बाई," म्हणाले आणि पान्हा मागून स्वतःच ती सुलटी केली. तेव्हापासून ते गेट बाहेरून उघडत नाही. गुरुजींना जाऊन वर्ष होत आलं, तरी मी अजून कुंपणावरून हात घालूनच घरात शिरते आणि रोज एकदा त्यांच्या नावाने बोटं मोडते.

आदिलाबादच्या आमच्या मराठी शाळेत ते मुख्याध्यापक, मी त्यांच्या हाताखालची बाई, आणि घरं भिंतीला भिंत लागून. म्हणजे शाळेतही तेच आणि घरीही तेच. इंद्रवेल्लीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला तिकीट कसं फाडावं ते शिकवलं होतं. कोपऱ्यावरची तेलुगू भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की "सारू वच्चिंडु", सर आले, म्हणत टमाट्यांवर पोतं ओढून घ्यायची, कारण ते येऊन रास नव्याने लावायचे. महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या खेड्यात त्यांचे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी होते. दुसऱ्याची गुरं राखत गुरुजी शिकले. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांना एक तर पाठ्यपुस्तकात सापडे, नाहीतर गोठ्यात.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर माझा विद्यार्थी. त्याला सरकारी शाळेत नोकरी लागली, गुरुजींनी गल्लीभर पेढे वाटले, आणि या पोराने ती सोडून परदेश गाठला. तिथल्या एका नदीकाठच्या शहरात तो दवाखान्यात काम करतो. निघताना गुरुजी म्हणाले होते, "जा. पन मंग या घरी फोन करू नोको." झालं! बाप हट्टी, लेक त्याच्या वरताण. घरात सुधीरचं नाव निघेना; त्याची खुशाली यायची ती माझ्या फोनवर. सुधीरच्या आईने, काकूंनी, नवऱ्याचा शब्द मोडला नाही, भाजी निवडायच्या निमित्ताने माझ्याकडे यायच्या आणि खालमानेने विचारायच्या, "बरा हाय का थो?" फोन पुढे केला तर हात मागे घ्यायच्या. मला दोघा बापलेकांचा सारखाच संताप यायचा.

एके दिवशी सुधीरने मला व्हिडिओ पाठवला. समुद्रातला एक देवमासा वाट चुकून त्यांच्या शहरातल्या नदीत शिरला होता. पिल्लूच होतं म्हणे. पुलावर ही गर्दी, खाली गढूळ पाण्यात काळी पाठ वर येतेय, आणि मागून सुधीरचा आवाज, "बाई, बघा, बिचाऱ्याला परतीचा रस्ता सापडत नाहीये." नेमके तेव्हा गुरुजी माझ्या दारात उभे होते.

"पुन्हा लावा," ते म्हणाले. मी लावला. "पुन्हा." तिसऱ्यांदा त्यांनी डोळेच मिटून घेतले. मासा बघायला कोणी डोळे मिटतं का? पण हे विचारायची माझी छाती झाली नाही.

झालं, दुसऱ्या दिवसापासून माझं घर म्हणजे माशाची कचेरी. पहाटे पोळ्या लाटताना गुरुजी हजर. "त्याले इचारा, मासा कसा हाय." सुधीर नाही, 'त्याले'. तिकडून उत्तर यायचं, "बाबांना सांगा, आज सुस्त आहे." माझ्या पोळ्या करपत, शाळेचे पेपर तपासायचे राहत, आणि मी आपली या टोकाचा निरोप त्या टोकाला पोचवतेय.

एका व्हिडिओत माशाच्या डोक्यावरचं भोक दिसलं. गुरुजी ताडकन उठले. "जखम हाय! म्हनून थो सुस्त हाय. त्याले म्हना, हळद भर त्याच्यात. गोडं तेल टाकून."

सुधीरने कळवलं, "बाबांना सांगा, ती जखम नाही. ते नाक आहे."

"डोक्यावर नाक?" गुरुजी माझ्यावरच कडाडले. "नाक कुठं असते हे मीच शिकोलं त्याले!"

मी पुस्तक काढून चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे चित्र चुकलं हाय."

पुढे नावा आल्या. माशाच्या मागे राहून, पाण्यात लोखंडी नळ्या बडवून लोक त्याला समुद्राकडे रेटू लागले. तो घाबरून आणखीच आत शिरायचा. गुरुजींचा तोल गेला. "काऊन माघून हाकलून राह्यले येडे? वासरू चुकलं तं माघून हाकलत नसते, बाई. माय समोर न्या लागते. तिनं हंबरलं का थे आपसूक येते."

त्या दिवशी मी विटले होते. लाटणं आपटून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही काय केलं होतं? पोराला मागूनच हाकललं ना?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते निघून गेले. जाताना एक चूकसुद्धा काढली नाही.

दोन दिवस ते फिरकले नाहीत. मग सुधीरचा निरोप आला: "बाई, मासा वाचला नाही. बाबांना एवढ्यात सांगू नका." का सांगायचं नाही, ते मला कळलं. मासा होता म्हणून बापाला लेकाशी बोलायला विषय होता. आता कशाच्या नावाने ते माझ्या दारात येणार?

पण सांगावं तर लागणारच होतं. मी गेले, सांगितलं. गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. "हाकलून हाकलून मारलं त्याले," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकूंना घेऊन माझ्याकडे आले. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. "लावा फोन," गुरुजी म्हणाले, "हिले बोलू द्या." आणि स्वतः बाहेर जाऊन ती मेली कडी खुडखुडवत उभे राहिले. काकूंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून "हॅलो" आलं, आणि इतकी वर्षं गिळलेला आवाज फुटला.

"बाबू, ये न रे घरी एक डाव."

बाहेर कडीची खुडखुड थांबली.

सुट्टी मिळताच सुधीर आला. गुरुजी स्टेशनवर गेले नाहीत. गेले असते तर ते गुरुजी कसले? आपल्या गेटात उभे राहिले. रिक्षा थांबली, पोरगा उतरला, बापासमोर येऊन उभा राहिला. अख्खी गल्ली श्वास रोखून बघत होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बरं बोलेल.

गुरुजींनी घसा साफ केला. "हळद लावली असती तं वाचला असता थो."

मी कपाळावर हात मारून घेतला. सुधीरने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हो बाबा," तो म्हणाला. "लावायलाच पायजे होती."

"मंग?" गुरुजी म्हणाले आणि त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली. "दे इकडं. बॅग अशी नसते धरत."